१८-२०० एकच लेन्स घेऊन फिरावं का? (जोतिबा, खिद्रापूर, दाजीपूर : तीन महिन्यांचा अनुभव)

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लांबलाय, आधीच सांगतो.

माझ्याकडे निकॉन डी ५६०० आहे आणि त्याच्याबरोबर आलेल्या दोन लेन्स, १८-५५ आणि ७०-३०० (आकडे एमएमचे : लहान आकड्याला रुंद दृश्य, मोठ्याला लांबचं जवळ). पोटापाण्याचा धंदा वेगळा, फोटो हा रविवारचा नाद. यंदा चैत्र यात्रेला जोतिबावर गेलतो. सासनकाठ्या नाचवत आणत होते, १८-५५ लावलेली, तेवढ्यात लांब शिखराच्या अंगाला गुलालाचा असला ढग उठला की म्हटलं आता ७०-३०० लावायलाच पाहिजे. वाऱ्याकडं पाठ केली, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरलं, सगळं सांगतात तसं केलं, तरी घरी येऊन बघतोय तर प्रत्येक फोटोत आभाळात उजवीकडं एकच ठिपका. सेन्सरवर बसलेला. एफ ४ ला (लेन्सचं भोक मोठं) दिसत नाही, एफ ११ ला (भोक बारीक) डोळ्यात खुपतो. ब्लोअरनं हलला पण नाही.

आतेभाऊ म्हणाला माझी १८-२०० घेऊन जा, कपाटातच पडलीय. निकॉनचीच, व्हीआर टू, म्हणजे २००९ ची आवृत्ती (व्हीआर म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय). तेव्हापासून तीन महिने तीच कॅमेऱ्यावर आहे, एकदासुद्धा काढली नाही. पुढच्या रविवारी मुद्दाम तीच घेऊन परत जोतिबावर जाऊन आलो. आता तो परत मागायलाय, म्हणून हा प्रपंच.

आधी चांगलं सांगतो. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात खाली गजपीठावरचे हत्ती टिपायचे, लगेच मान वर करून खांबावरची नक्षी, लगेच मागं सरून अख्खा स्वर्गमंडप, ह्यात पूर्वी माझी निम्मी दुपार लेन्सची टोपणं शोधण्यात जायची. ह्यावेळी आई बरोबर होती, ती दर्शन घेऊन ओट्यावर टेकेपर्यंत माझं झालं होतं. "आज लवकर आटपलं" म्हणाली. १८-२०० चा सगळ्यात मोठा गुण मला हाच वाटला, बरोबरच्या माणसांना ताटकळत बसावं लागत नाही.

व्हीआर पण भारी. न्यू पॅलेसच्या मनोऱ्यावरचं घड्याळ २०० ला १/३० वर हातात धरून काढलं, आकडे स्वच्छ आले. अर्थात घड्याळ जाग्यावरून हलत नाही.

आता रड. १८ ला पन्हाळ्याचा तीन दरवाजा काढला तर सरळ कडा पोट सुटल्यासारख्या बाहेर आल्या. कॅमेऱ्यातलं ऑटो डिस्टॉर्शन कंट्रोल चालू केलं की जेपेगमध्ये सुधारतं. ५० च्या आसपास उलटं, कडा आत ओढल्यासारख्या. २०० ला एफ ५.६ वर मऊ, एफ ८ ला बरी, एफ १६ ला परत मऊ. आणि साखरपुड्यात एक गंमत कळली : बहिणीची नथ जवळनं काढायची म्हणून २०० वर नेलं तर ७०-३०० ला २०० वर जेवढी मोठी दिसते तेवढी दिसेचना. आधी वाटलं माझीच चूक. मग वाचलं की जवळच्या फोकसला ह्या लेन्सचा २०० हा २०० राहतच नाही, बराच कमी होतो.

दाजीपूरच्या अभयारण्यात मे महिन्यात संध्याकाळी गवा दिसला. २००, एफ ५.६, आयएसओ (म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) ३२००, शटर १/१००. गवा चालत होता. पुढचं सांगत नाही.

तर प्रश्न असा. दोन्ही लेन्स विकून एकच घ्यावी का? डोक्यात चार नावं आहेत : हीच १८-२०० सेकंडहँड, निकॉनची १८-३००, टॅमरॉन १६-३००, टॅमरॉन १८-४००. बजेट तीस हजारांपर्यंत, नवी-जुनी कशीही चालेल. अनुभवी लोकांनी इस्कटून सांगावं.

तांबडापांढरा

नाद करायचा तर पूर्ण करायचा भावा. १८-४०० घे, विषय एंड.

अंबारखाना

तांबडापांढरा, ती सातशे ग्रॅमच्या वर आहे, डी ५६०० वर लावली की कॅमेराच लेन्सला लटकल्यासारखा दिसतो. पन्हाळा एकदा चढून दाखवा गळ्यात घालून, मग विषय एंड करू.

रंकाळाकाठ, लिहिलंय छान. थोडा इतिहास सांगतो, वय झालंय, चालवून घ्या. १९९२ ला टॅमरॉनची २८-२०० आली तेव्हा आम्ही रोलवाले लोक हसलो होतो, असल्या लेन्सनं फोटो काढायचे तर दुर्बीणच घ्या की म्हणत होतो, कारण १०० नाहीतर ४०० चा रोल, लांबच्या टोकाला एफ ५.६, संध्याकाळी पाच वाजले की लेन्स पिशवीत. मग २००५ ला निकॉनची पहिली १८-२०० आली, डिजिटलमुळं आयएसओ वाढवता यायला लागला आणि आत व्हीआर, आणि हसणारे आम्हीच रांगेत उभे राहिलो. म्हणजे लेन्सपेक्षा जास्त तिच्या मागचा सेन्सर सुधारला म्हणून ह्या लेन्स वापरण्याजोग्या झाल्या.

२०० भागिले १८ केलं की ११ पट. १८-३०० साधारण १७ पट, १८-४०० म्हणजे २२ पट. जेवढी पट जास्त तेवढं आतल्या काचांना एकाच वेळी जास्त ठिकाणी जुळवून घ्यावं लागतं. एकाच माणसाला लग्नात आचारी, भटजी आणि बँडवाला केल्यावर जे होणार तेच. जेवण मिळतं, लग्न लागतं, बँड पण वाजतो, पण कशालाच वाहवा नाही. म्हणून मी आकड्याच्या मागं लागू नका म्हणतो.

आणि २०० ला मऊ येतं म्हणालात ते नेमकं कुठं, किती वाजता?

रंकाळाकाठ

पन्हाळ्यावरनं, सज्जा कोठीजवळनं. खालच्या शेतातली घरं काढत होतो. दुपारचे दोन वगैरे.

अंबारखाना

मे महिन्यात दुपारी दोनला पन्हाळ्यावरनं खालचं शिवार! अहो ती वाफ आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, त्यातनं लाखाची लेन्स लावली तरी घरं पाण्यात बुडाल्यासारखीच दिसणार. पावसानं उघडीप दिली की सकाळी सातला त्याच जागी जाऊन काढा, नाहीतर घरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं अख्खं पान चिकटवून स्टँडवर कॅमेरा लावून काढा. लेन्सची परीक्षा जवळच्या, न हलणाऱ्या वस्तूवर घ्यायची. चारी कोपरे बघा. एकच कोपरा मऊ असेल तर काच तिरकी बसलीय, चारी सारखे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव.

पेठेतली_पोर

मी ह्याच जातीची लेन्स सहा वर्षं वापरतोय (हो मी बाई आहे, कोल्हापूरच्या बाहेरचे गोंधळू नका, आमच्याकडं आम्ही पण "आलो गेलो"च म्हणतो). एक सांगू का, ह्या सगळ्या चर्चा एकट्यानं फोटोला जाणाऱ्या लोकांच्या असतात. मी जातो ते सासूबाई, दोन पोरं, एक पाण्याची पिशवी आणि एक चपात्यांचा डबा घेऊन. नरसोबाच्या वाडीला पाणी वाढलेलं, धाकटा घाटाच्या पायरीवर पळाला, एका हातात त्याची कॉलर आणि एका हातात कॅमेरा, ह्या अवस्थेत कोण लेन्स बदलणार सांगा. माझ्याकडं चांगली लेन्स घरी आणि बरी लेन्स गळ्यात असा प्रकार कायम झालाय आणि अल्बममध्ये सगळे बऱ्या लेन्सचेच फोटो आहेत.

तुमच्या आईचं ते "आज लवकर आटपलं" वाचून डोळे भरून आले अगदी, आमच्याकडं अजून कुणी म्हटलेलं नाही.

लालमाती

सगळं मान्य, पण ही लेन्स घेऊन तालमीत येऊन दाखवा.

मी गेली काही वर्षं कुस्तीचे फोटो काढतोय. मैदानात, खासबागला दिवसा उजेडी, काही अडचण नाही, १८-२०० झकास. पण पहाटे तालमीच्या हौदात दोन बल्ब आणि एक झरोका, पोरं अंगाला माती लावून जोर मारायलीत, तिथं एफ ५.६ म्हणजे आंधळी कोशिंबीर. साधं गणित सांगतो. एफ ५.६ ऐवजी एफ १.८ असलं की जवळपास दहापट उजेड आत येतो. १८-२०० ला जिथं १/२० मिळतं तिथं ३५ च्या छोट्या लेन्सला तेवढ्याच आयएसओवर १/२००. १/२० ला पैलवान भुतासारखा येतो, १/२०० ला त्याच्या मानेवरचा घामाचा थेंब दिसतो. आणि व्हीआरचं कौतुक इथं सांगू नका, व्हीआर तुमचा हात धरतं, पैलवानाचा नाही.

निकॉनची ३५ एमएम एफ १.८ डीएक्स, २०० ग्रॅम. खिशात मावते. एकच लेन्स घ्यायच्या नादात ही विसरू नका.

केएलपी_क्लिक

+१ लालमाती

शाहूस्टेडियम

फुटबॉलवाल्यांचं पण ऐका. पेठेच्या दोन संघांची मॅच, दुपारी चारचं ऊन, गॅलरीतनं २०० ला (म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, फुल फ्रेमच्या हिशोबानं ३००) अर्धं मैदान चांगलं सापडतं, एफ ५.६ ला १/१००० सहज मिळतं. पलीकडचा गोल लागला तर तुमच्याकडं फक्त गर्दीचा फोटो असणार हे गृहीत धरा. पण माझी तक्रार रीचची (लांबचं गाठण्याची) नाही, फोकसची आहे. १८ वरनं २०० ला झटक्यात फिरवलं की फोकस शोधत बसतो आणि तेवढ्यात पोरं गुलाल उधळून नाचत पण असतात. ७०-३०० त्या मानानं चटकन धरते. तुमच्याकडं असलेली एएफ-पी (नव्या, चटकन फोकस करणाऱ्या मोटरची) असेल तर ती अजिबात विकू नका, ४१५ ग्रॅमला एवढी लेन्स परत मिळायची नाही.

नवाखिलाडी

एक शंका, रागावू नका. आता मोबाईललाच तीन-तीन चार-चार कॅमेरे आहेत. पन्हाळ्याला मोबाईल पुरत नाही का?

तांबडापांढरा

झालं. आला का मोबाईल. आता पन्नास प्रतिसाद पक्के.

अंबारखाना

पुरतो की. तीन दरवाजाला, जेवणाच्या ताटाला, आईच्या फोटोला उजेडात मोबाईल पुरतो, कधी कधी उजवा पण ठरतो कारण तो स्वतःच चार फोटो जोडून सावली उजळून देतो. सासनकाठीचा शेंडा गुलालातनं वर आलाय आणि काठी धरणाऱ्याचे दात आवळलेत, हे दोन फोटो एका जागी उभं राहून पाठोपाठ काढायचे असतील तर मात्र अजून कॅमेरा लागतो.

अवांतर : बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास ह्याच गावात स्वदेशी कॅमेरा घडवला. आणि आपण तयार लेन्स कुठली विकत घ्यायची ह्यावर रात्री बारा वाजता भांडायलोय.

बरं, मुद्द्याचं. रंकाळाकाठ, तीन महिन्यांचे सगळे फोटो आहेत ना? प्रत्येक फोटोच्या एक्झिफमध्ये (फाईलमधल्या माहितीत) किती एमएमला काढलाय ते लिहिलेलं असतं. मोजा. पण काढलेले सगळे मोजू नका, ठेवलेले मोजा. जे कुणाला पाठवले, छापले, परत उघडून बघावेसे वाटले ते. बाकीचे तर आपण लेन्समध्ये आहे म्हणून फिरवून काढलेले असतात.

रंकाळाकाठ

ही आयडिया आवडली. रविवारपर्यंत वेळ द्या, पाऊस पण बाहेर पडू देत नाही.

पेठेतली_पोर

पावसावरनं आठवलं. झूम लेन्स आतबाहेर होताना हवा ओढते, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत निम्मं पाणीच असतं. कॅमेऱ्याच्या चामडी बॅगेत ठेवू नका, तिथं बुरशीला माहेर मिळतं. मी रबरी कड असलेला हवाबंद डबा घेतलाय, तळाला सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओले झाले समजायचं, मंद आचेवर गरम केले की परत निळे. त्याची कढई वेगळी ठेवा हं, निळ्या दाण्यातला रंग पोटात जायच्या लायकीचा नाही. मी जुनी तडका कढई दिलीय त्याला, सासूबाईंना अजून पत्ता नाही.

काचकाम

सेकंडहँड बघणार असाल तर माझं पण ऐका, मी दोनदा फसलोय.

पहिल्यांदा : जाहिरात "निकॉनसाठी १८-२००, एकदम टकाटक". घरी आणली, लावली, फोकस हलेना. लेन्सच्या आत मोटरच नव्हती, कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर वापरणारी जुन्या धाटणीची होती. डी ३०००, डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांना बॉडीत मोटर नसते, तुमच्या डी ५६०० ला पण नाही. निकॉनची स्वतःची असेल तर नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे का बघा, दुसऱ्या कंपनीची असेल तर आत मोटर आहे का तेवढं आधी विचारा, आणि काही झालं तरी स्वतःचा कॅमेरा घेऊन जाऊन लावल्याशिवाय पैसे काढू नका.

दुसऱ्यांदा : बाहेरनं नव्यासारखी, दुकानदारानं पुसून पुसून दाखवली. घरी अंधारात मागनं टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. तेव्हापासून मी टॉर्च घेऊनच जातो, लोक हसतात, हसू देत. धूळ चार कण असली तर चालते, फोटोत दिसत नाही. जाळं नको.

शिवाय लेन्स खाली तोंड करून धरा आणि हलक्यानं हलवा. आपोआप लांब व्हायला लागली तर बरीच वापरलेली आहे, किंवा मुळातच सैल. निकॉनच्या पहिल्या १८-२०० ला ही खोड बऱ्याच जणांनी सांगितलेली, म्हणून व्हीआर टू ला त्यांनी लॉकचं बटण दिलं, पण ते फक्त १८ वर लागतं. स्टँडवर कॅमेरा आभाळाकडं करून ५० ला ठेवलात तर हातानंच धरायची.

केएलपी_क्लिक

वाखुसा (वाचनखूण साठवली). टॉर्चची गोष्ट भारी.

मिररवाला

थोडं वेगळं. एवढा विचार करायलाय तर मिररलेसचा (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा) पण करा. निकॉनची झेड डीएक्स १८-१४० ३१५ ग्रॅम, कॅननची आरएफ-एस १८-१५० ३१० ग्रॅम. तुमच्यासारख्या आरसावाल्या, डीएसएलआरची १८-१४० ४९० ग्रॅम आहे. वजनातच फरक कळतो.

तांबडापांढरा

त्याचं बजेट तीस आहे ओ. बॉडी काय तुम्ही देणार?

मिररवाला

बरं बरं.

रंकाळाकाठ

मोजलं. दोन रात्री गेल्या, बायको म्हणाली एवढा अभ्यास शाळेत केला असता तर. आकडे देतो.

तीन महिन्यांत १८-२०० नं काढलेले फोटो २,३४०. त्यातले ठेवलेले २१२. ठेवलेल्यात १८ ते ३५ मधले ११८, ३६ ते ७० मधले ४७, ७१ ते १४० मधले ३६, आणि १४१ ते २०० मधले फक्त ११. अकरातले चार गव्याचे, ते गवा दिसला म्हणून ठेवलेत, फोटो बरा म्हणून नव्हे.

आणि एकूण काढलेल्यात अगदी २०० च्या टोकावरचे सहाशेच्या वर! म्हणजे मी पार टोकापर्यंत फिरवत होतो आणि घरी येऊन उडवत होतो.

शाहूस्टेडियम

थांबा थांबा. उडवलेत का? लेन्स २०० ला मऊ म्हणून उडवले असतील तर हिशोब उलटा झाला. चांगली लेन्स असती तर ठेवले असते. ह्यावरनं २०० लागत नाही असं सिद्ध होत नाही.

अंबारखाना

बरोबर पकडलंत, माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रंकाळाकाठ

उडवलेले अजून कचऱ्याच्या फोल्डरमध्ये होते, म्हणून त्यातले तीसेक परत उघडून बघितले. कळंबा तलावावरचे पक्षी, ठिपक्याएवढे, ३०० काय ४०० असती तरी ठिपक्याएवढेच. पन्हाळ्यावरची वाफ (मान्य, अंबारखाना). संध्याकाळचे हललेले. लेन्स मऊ म्हणून गेलेले असे मला चार-पाचच सापडले. बाकीच्यात फोटोच नव्हता. लांबचं जवळ आणता येतंय म्हणून आणलं एवढंच.

आणि दुसरी गोष्ट दिसली. गव्याच्या चारही फोटोत गवा राखाडी आलाय. काळं जनावर सावलीत, कॅमेऱ्यानं उजेड वाढवून टाकला, त्यातच शटर पण मंद झालं. एक्स्पोजर उणे एक (म्हणजे उजेड निम्मा) केलं असतं तर गवा काळा आला असता आणि शटर १/२०० मिळालं असतं. माझं लक्षच नव्हतं, मी लेन्सला शिव्या घालत होतो.

लालमाती

हे कबूल करायला पण काळीज लागतं. मग आता काय ठरलं?

रंकाळाकाठ

ठरलं असं. निकॉनची १८-१४०, २०१३ ची, सेकंडहँड. २१२ मधले २०१ फोटो तिच्यात बसतात. ४९० ग्रॅम, १८-२०० पेक्षा थोडी हलकी. काल जाऊन बघितली, स्वतःचा कॅमेरा आणि टॉर्च घेऊन (काचकाम, धन्स, दुकानातला पोरगा खरंच हसला). वर्तमानपत्राच्या पानावर चारी कोपरे सारखे. घेतली. ७०-३०० ठेवतोय, दाजीपूर परत उघडलं की आणि मॅचला ती. १८-५५ भाच्याला. उरलेल्यात थोडे घालून लालमातींची ३५ एफ १.८ दिवाळीच्या आत.

लालमाती

३५ घेतली की पहाटे साडेपाचला तालमीत या. चपला बाहेर काढायच्या, आणि हौदाच्या कडेला उभं राहायचं, आत पाय नाही.

पेठेतली_पोर

म्हणजे शेवटी लेन्स तीनच राहिल्या. "एकच लेन्स घेऊन फिरावं का" असा धागा होता हा 😄

रंकाळाकाठ

हो, पण जोतिबावर जाताना गळ्यात एकच असणार.

आतेभावाची आज परत करून आलो. बसल्या बसल्या त्यानं झूम रिंग फिरवली, रबराच्या खाचेतनं चिमूटभर गुलाल त्याच्या पांढऱ्या शर्टावर. मी तिसऱ्यांदा पुसून दिली होती. तो काही बोलला नाही, वहिनी बोलल्या.

तांबडापांढरा

जोतिबाच्या नावानं चांगभलं!!